“डोळ्यासमोर राहू दे”

मंडळी, आज दुपारी आमच्याकडे अकरावीवरून चांगलंच वाजलं. लेकीला पुण्याला हॉस्टेलवर राहून सायन्स करायचंय. हे म्हणाले, “नाशकात काय कमी आहे? डोळ्यासमोर राहू दे.”

भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. हेच वाक्य मी १९९० साली कुवेतमध्ये, अब्बासिया भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ऐकलं होतं.

दहावी झाली की तिथली बरीच मराठी मुलं जुलैतच कॉलेजसाठी भारतात यायची. मलाही यायचं होतं. बाबा म्हणाले, “पोरगी एकटी हॉस्टेलात? नको. डोळ्यासमोर राहू दे, इथे सुरक्षित आहे.” मी रडून घेतलं आणि तिथल्याच अकरावीच्या पुस्तकांना कव्हरं घातली.

ऑगस्ट उजाडला आणि रस्त्यावर इराकी रणगाडे आले.

काही आठवड्यांनी आम्ही भारतात परतण्यासाठी जॉर्डनकडे निघालेल्या बसमध्ये होतो. एका चौकीवर सैनिकाने माझी बॅग उपसली. फिजिक्सचं पुस्तक काढून तो एकेक पान उलटू लागला. बाबा सारखे “मदरसा, मदरसा” म्हणत होते, म्हणजे शाळेचं आहे. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता, की वळ उठले.

शेवटी त्याने पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. बस हलल्यावर बाबा हळूच म्हणाले, “तुला जुलैतच पाठवायला हवं होतं गं.”

आज हे सगळं सांगितल्यावर नवऱ्याने उरलेली भाजी स्वतः चिरायला घेतली. लेक मला म्हणाली, “मग जाऊ ना, आई?”

आणि खरं सांगते, माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. तुमच्या तोंडून निघालं असतं?