शेवटच्या रांगेपर्यंत

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या एका सरकारी इमारतीत मी संगणक बसवायला जायचो. तिथे एक क्लार्क बाई होत्या. खडकीहून सायकलवर यायच्या, आणि जिना चढताना दगडी कठड्यावरून हात फिरवायच्या. कुणी भिंतीला टेकून उभं राहिलं की म्हणायच्या, "अहो, ती इतकी वर्षं उभी आहे, आपल्याला दहा मिनिटं जमत नाही?" मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

पुढे त्या इमारतीतल्या सभागृहाचं उंच, कमानदार लाकडी छत झाकून खाली नवं पांढरं छत घालायचं ठरलं. आयटी कंपन्यांचे पाहुणे येणार होते, आणि आवाज मागेपर्यंत पोचत नाही, असं नव्या आर्किटेक्टचं म्हणणं होतं. पाहणीसाठी आम्ही सगळे सभागृहात जमलो होतो. मंजुरीचं पत्र कार्यालयाच्या साहेबांच्या सहीसाठी घेऊन आलेल्या बाई त्यांना म्हणाल्या, "आपण सगळे दोन मिनिटं शेवटच्या रांगेत बसता का?"

साहेब चिडले, पण गेले. आम्हीही गेलो. बाई स्टेजवर चढल्या. त्यांनी माइक बंद केला, पंखे बंद केले आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात तेच पत्र वाचलं. शब्द न् शब्द ऐकू आला. पान उलटल्याचा आवाजसुद्धा.

"बाई, पुरे. कळलं," साहेब बसल्या जागेवरून हळूच म्हणाले.

"मलाही ऐकू आलं, साहेब."

साहेबांनी तिथेच नव्या छताच्या नकाशावर काट मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या थेट छतापर्यंत गेल्या, आणि बाई मान वर करून मोकळेपणी हसल्या.