गाडीचे पिवळे दिवे बदलले

मागच्या आठवड्यात गाडी घेऊन रफिकभाईंच्या दुकानात गेले. लातुरात आमच्या गाडीचं वायरिंग पहिल्यापासून तेच बघतात... गाडी म्हणजे यांची जुनी मारुती. हे जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मीच चालवते.

दर गुरुवारी औशाला जाते. तिथं माझी नणंद, आक्का, एकटीच असते आणि तिला आता उठवत नाही; एरवी शेजारची बाई बघते. येताना अंधार पडतो, समोरून पांढऱ्या उजेडाच्या गाड्या येतात, आणि आमच्या पिवळ्या दिव्यांत रस्त्याची कडाच दिसत नाही. त्यात लातुरात शिरताना क्लास सुटलेले असतात, पोरांच्या सायकली कुठूनही आडव्या येतात. एकदा एका मुलीच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक लागला. तिला काही झालं नाही.

ही गोष्ट मी पुण्याला मुलाला, मंदारला, सांगून बसले. मंदार म्हणाला, "आई, विकून टाक ती गाडी. आक्काकडे बसनं जा." बसनं मी जाईन हो... पण यांच्या गाडीत दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही.

रफिकभाई म्हणाले, "विकता कशाला भाभी? एलईडी टाकून देतो, दिवस उगवल्यासारखं दिसंल." समोरचे दोन्ही बल्ब बदलले. मग शटरवर झोत पाडून, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तो खाली घेतला. आणि मग गाडीच्या छताकडं बघत विचारलं, "आतला बी बदलू का?"

मी म्हटलं, "नको. तो राहू द्या."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात या गाडीतच झोपायचो. भिंतींना तडे गेले होते, आत जायची हिंमत नव्हती. मंदार लहान होता, अंधार झाला की रडायचा. मग हे दार थोडं उघडं ठेवायचे, म्हणजे आतला दिवा चालू राहायचा... माझी शाळा चौथीत सुटलेली. मला झोप लागायची नाही, म्हणून यांनी आणून दिलेली पुस्तकं मी त्या दिव्याखाली एकेक अक्षर लावत वाचली. वाचायची सवय तिथंच लागली.

आणि रोज सकाळी बॅटरी उतरलेली! गल्ली धक्का मारायला यायची. समोरचे शिवाप्पा ओरडायचे, "काय मास्तर, आज बी ढकलायचंच का? ही गाडी हाय का हातगाडी?" हे हसत म्हणायचे, "पोरगं झोपलं ना रात्रभर? मग ढकला."

रफिकभाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी खोक्यातून एक छोटा एलईडी काढून माझ्या हातावर ठेवला. मग हळू म्हणाले, "भाभी, हा लई कमी करंट खातो. रातभर जरी चालू ऱ्हायला, तरी सकाळी गाडी निघती."

मी तो फिरवून बघितला... मास्तरांना असा दिवा कुणी त्या वेळी दिला असता, तर त्यांनी अर्ध्या रात्री उठून बसवला असता. जुना बल्ब त्यांनी कधी जपला नव्हता. पोराला उजेड हवा होता, एवढंच.

"बदला," म्हटलं.

घरी येऊन मंदारला फोन केला. पुढचे दिवे बदलल्याचं सांगितलं, तेव्हा तो "बरं" म्हणाला. मग आतलाही बदलला म्हटलं. त्यानं लगेच विचारलं, "रात्रभर ठेवला तर चालतो का गं आता?"

"चालतो की," म्हटलं.

गाडी विकायचं त्यानं काढलं नाही. "औशाहून निघालीस की मिसकॉल दे," एवढंच म्हणाला.

काल गुरुवार होता. आक्काला जेवू घालून निघेपर्यंत अंधार झाला. ती पलंगावरून म्हणाली, "ऱ्हा की गं आज, कुठं जातीस अंधारात?"

म्हटलं, "जाते आक्का. मला दिसतंय."