दसऱ्याची भरलेली टाकी

ती घटना आठवायला मला वेगळं काही करावं लागत नाही, दसरा आला की पुरे. दारोदारच्या गाड्यांना झेंडूच्या माळा चढू लागल्या की माझं मन पवना धरणाच्या काठावर जाऊन बसतं, आणि एकदा बसलं की लवकर उठत नाही.

तेव्हा मी मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. शनिवार-रविवार लोणावळ्याच्या गर्दीचा बंदोबस्त, मधल्या दिवसांत बंगल्यांमधल्या चोऱ्या आणि बांधावरची भांडणं. थकलो होतो, हे सांगायला आता कुणाची परवानगी लागत नाही.

दसऱ्याच्या दुपारी धरणात एक तरुण बुडाल्याची खबर आली. दोघा भावांनी पर्यटकांना फिरवायला एक जुनी डिझेलची बोट विकत घेतली होती. पूजा करून दोघंच पहिली फेरी मारायला निघाले. भर धरणात इंजिन बंद पडलं. वारा बोटीला खडकांकडे ढकलू लागला, तेव्हा बोट ओढून काठाला लावायची म्हणून धाकट्याने कमरेला दोर बांधून उडी घेतली. तो दोर पाण्याखालच्या झाडाच्या खोडात अडकला. थोरल्याच्या डोळ्यांदेखत तो गेला.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. पंचनाम्याच्या वेळी मेकॅनिकने इंजिनाचा फिल्टर उघडला, तर डिझेलबरोबर पाणी आलं. थोरला ताडकन उभा राहिला.

"पानी त्यानंच घातलं, साहेब. आमचा धंदा हुऊ द्यायचा न्हवता त्येला."

तो म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्याचीही बोट त्याच काठाला असायची आणि कुणाची बोट कुठं लावायची यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. संध्याकाळी आणखी एक खबर मिळाली. गावातल्या दूधवाल्याने त्याला त्याच सकाळी या बोटीत वाकलेलं पाहिलं होतं.

चौकशीला बोलावलं, तर गडी निमूट आला.

"सकाळी बोटीवर गेला होतास?"

"व्हय."

"कशाला?"

आमच्या हवालदाराने आवाज चढवायचा आणि मी चहा मागवायचा, ही आमची जुनी रीत. हा आवाजाला बधला नाही, चहालाही नाही. ठाण्याच्या फाटकाशी गाव येऊन बसलं होतं, खुनाचा गुन्हा दाखल करा म्हणत. दाखल करून मोकळं होणं सोपं होतं. वैर होतं, साक्षीदार होता, पाणीही सापडलं होतं. पण खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं होतं. हा लाजल्यासारखा बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोटीवर गेलो. इंजिनाच्या खोक्यावर सुकलेली माळ होती, आणि तिच्याआड आपट्याची पानं खोचलेली होती. ठाण्यात बसवून ठेवलेल्या त्याच्यापुढे ती पानं आणून ठेवली. त्याने मान खाली घातली.

"म्याच ठिवली. बोलनं बंद, मग सोनं द्यायला घरी कसा जानार? म्हनलं, बोटीला तरी द्यावं. आता ह्ये सांगितलं तर कोन खरं मानंल?"

मी मानलं. पण नुसत्या मानण्यावर कागद चालत नाही. पाणी आलं कुठून, ते दाखवायला हवं होतं. थोरल्याला विचारलं, डिझेल कुठल्या पंपावरचं? तो म्हणाला, "घरचंच हुतं."

त्यांचे वडील मळवलीला एका बंगल्याची राखण करायचे. मालकाने बंगला विकला तेव्हा जनरेटरचं उरलेलं डिझेल त्यांना देऊन टाकलं. वडील गेले, बॅरल गोठ्यामागे उभं राहिलं. मावळातले कित्येक पावसाळे त्याने अर्धवट भरलेल्या अवस्थेत काढले. भाताच्या मळणीला किंवा पंपाला लागलं, तर नळीने वरचं वरचं काढायचे. त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

हे सगळं मला त्यांच्या आईने सांगितलं. पुढचंही तिनेच सांगितलं.

"रिकाम्या टाकीची पूजा करत न्हाईत, साहेब. म्याच म्हनलं, घरात हाय तर काठोकाठ भरा. त्येंच्या बाचा बी हात लागंल बोटीला."

टाकी काठोकाठ भरायची म्हणून मुलांनी बॅरल आडवं केलं आणि तळातलंही ओतलं.

बॅरलमधला उरलेला गाळ मी एका बाटलीत घेतला, बोटीच्या टाकीतला दुसऱ्या बाटलीत. दोन्ही माझ्या टेबलावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही सारख्याच निवळल्या. वर काळपट डिझेल, खाली पाणी आणि मध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर. आदल्या दिवशी ओतलेल्या पाण्यावर असा थर धरत नाही, त्याला फार काळ जावा लागतो. दमट हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन ते वर्षानुवर्षं त्या बॅरलच्या तळाशी साठत गेलं होतं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. चुलतभावाला मी त्याच संध्याकाळी घरी पाठवलं.

मग आईला सांगणं राहिलं. शिपाई पाठवता आला असता, पण मीच गेलो. बाटल्या नेल्या नाहीत. कुणी पाणी घातलं नव्हतं, ते जुन्या डिझेलमध्येच होतं, एवढं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यो पोर सुटला?"

"सुटला, मावशी."

"बरं झालं." मग तिने विचारलं, "आन माजं काय, साहेब?"

"तुमचा काही गुन्हा नाही," मी म्हणालो.

"त्ये तुमच्या कागदात," ती म्हणाली आणि गोठ्याकडे बघत राहिली.

निर्दोष माणूस सुटला की पोलिसाला शांत झोप लागते, असं लोकांना वाटतं. मला त्या दिवसापासून तसं वाटत नाही. माणसाला दुःख सोसतं, दुःखाचं कारण सोसत नाही, आणि ते कारण दुसऱ्याच्या अंगणात असलं तर निदान रागावर दिवस निघतात. मी त्या आईचा तेवढा आधारही काढून घेतला. खरं तेच केलं, पुन्हाही तेच करीन, पण त्याचं समाधान काही वाटत नाही.

त्या हवालदाराचा अजून फोन येतो. तो सांगतो की दसऱ्याला चुलतभाऊ स्वतः त्या घरी सोनं घेऊन जातो आणि म्हातारी ते घेते. पूजा मात्र त्या घरात कुठल्याच गाडीची होत नाही.