खंडेनवमीचं तेल

पावस गावच्या गोदाच्या घरात बोट ठेवायला कोणाला जागा मिळायची नाही. भांडी लख्ख, अंगण सारवलेलं, आणि कोणी चुकून नाव ठेवलंच तर बाईला जेवण गोड लागायचं नाही. माणसाने नीटनेटकं असावं, पण त्यालाही काही सुमार?

तिचा नवरा आप्पा आंब्याच्या बागेचा मालक. बापापासून चालत आलेलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे होतं. माकडं बागेत उतरली की हवेत एक बार काढायचा, एवढंच त्याचं काम. खंडेनवमीला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर तेही पाटावर बसायचं, आणि गोदा त्याला खोबरेल चोपडून वर हळदकुंकू वाहायची. धाकटा दीर भागोजी रत्नागिरीला पोलिसांत हत्यारं दुरुस्त करायचा. तो दरवर्षी कानीकपाळी ओरडायचा, "वयनी, फूल वाहा, नमस्कार करा, पण तेल नको. सुकलं की त्याचा डिंक होतो." गोदा हो म्हणायची, आणि त्याची पाठ वळली की तेलाची वाटी काढायची. पूजा काय कोरडी करायची?

२००१ च्या एप्रिलात, ऐन आंब्याच्या दिवसांत, सकाळीच माकडं उतरली. आप्पाने हात वर करून चाप ओढला. घोडा मागे गेला आणि तिथेच चिकटून बसला. आप्पा रिव्हॉल्व्हर फिरवून बघायला लागला, तशी गोदा ओट्यावरून म्हणाली, "तोंड बांधाकडे धरा आधी. भावजी काय सांगतात विसरलात? आणि बोट काढा चापावरून."

आप्पाने ऐकलं. बार उशिराने उडालाच तर बांधात जावा म्हणून तिकडे रोख धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग मागच्या पडवीत रेतीने भरलेल्या घमेल्यात नळी खुपसून ठेवली आणि भागोजीला फोन लावला. "कोणी हात लावू नका," भागोजी म्हणाला. "दुपारच्या एसटीने येतो. काय ते मी बघतो." सगळं कसं शहाण्यासारखं झालं होतं.

पण गोदाच्या जिवाला चैन पडेना. भावजी येणार, ते खोलणार, आणि आतून निघणार वर्षानुवर्षांचा हळदीचा थर. म्हणजे वयनी ऐकत नाही हे उघडं पडणार. आप्पा आंघोळीला गेला तशी ती रॉकेल आणि फडकं घेऊन पडवीत गेली. वरवर पुसून परत ठेवू, कोणाला कळतंय. रिव्हॉल्व्हर रेतीतून काढून तिने मांडीवर घेतलं आणि घोड्याच्या फटीत रॉकेल सोडलं. फडक्याला पिवळा चिकट मळ आला, तेव्हा तिला बरंसुद्धा वाटलं.

"गोदे, काय करतेस?" दारात आप्पा ओल्या पंच्याने उभा होता.

ती रिव्हॉल्व्हरसकट दचकून वळली, आणि रॉकेलने सैल झालेला घोडा सुटला. गोळी आप्पाच्या उजव्या गुडघ्यात बसली.

इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आले. आप्पा म्हणाला, "साफ करताना माझ्याच हातून उडाली." परवाना गेला, पाय ताठ झाला. ज्याला स्वतःचं हत्यार कळत नाही तो बाग काय सांभाळणार, असं लोक गोदाच्या तोंडावर बोलायचे, आणि ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. भागोजीने ते पिवळं फडकं पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो घरी यायचाच बंद झाला. गोदाने घरातून खोबरेलच हद्दपार केलं. डोक्यालासुद्धा लावीना.

पुढच्या खंडेनवमीला तिने पाटावर कोयत्या मांडल्या आणि नुसती फुलं वाहिली. आप्पा खुर्ची ओढत पाटाजवळ आला. त्याने दुकानातून मागवलेली तेलाची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि ताठ पाय लांब केला.

"दुखतो गो. ह्याला लाव."

गोदाने वाटीत तेल ओतलं. गुडघ्यावर हात ठेवला आणि तिला रडू फुटलं. "मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "तुम्ही नव्हे, मी केलं ते."

"सांगून पाय वाकणार आहे काय?" आप्पा म्हणाला. "चोळ तू."

ती चोळत राहिली.