गोल कोणी केला?
इथं परदेशात, लिटिल इंडियातल्या दुकानात केशराचा वास आला, की पाया लेबार भागातल्या ऑफिसातला माझा इराणी सहकारी आठवतो. त्याच्या गावचा जुना फुटबॉल क्लब कायमचा बंद पडला होता. तरुणपणी त्या क्लबकडून खेळलेल्या त्याच्या वडिलांना आता विस्मरणाचा आजार होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. बोलणं झाल्यावर तो म्हणाला, "मॅचचं विचारत होते. जिंकलो म्हटलं, तर म्हणाले, गोल कोणी केला?" "मग?" "त्यांचंच नाव सांगितलं. म्हणाले, पोरगा चांगला खेळतो, त्याला जपा." आणि समोरचं ताट बाजूला सारून तो रडू लागला. हल्ली मी पुण्याला फोन लावतो, तेव्हा बाबा अदबीनं विचारतात, "आपण कोण बोलताय?"