लातूरच्या गर्दीचा तीस सेकंदांचा फोटो

खरं सांगायचं तर ही सहल फोटोग्राफीसाठी आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. शाळेत, शेजारी, स्वतःलासुद्धा. दोन दिवसांची रजा, ट्रायपॉड, लेन्सवर लावायची काळी काच, आणि हदगाव-नांदेड-लातूर असा बेत. पण कारण वेगळंच होतं. माझी लेक प्रज्ञा लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. महिनाभर फोनवर तिची तीनच उत्तरं येत होती. हो. ठीक आहे. जेवले.

"अभ्यास करून राहिलं लेकरू, कशाला मागं लागतीस?" असं नवरा म्हणाला आणि त्याच दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

हदगावहून सकाळची एसटी पकडा, जागा मिळते. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. ट्रायपॉडला तिकीट नाही, पण तो पाय पसरून बसतो. वाटेत अर्धापूरला केळी घ्यावीत, आणि कच्ची निघाली तर माझं नाव घेऊ नये. शेजारच्या मावशी ट्रायपॉडकडे संशयानं बघत होत्या. "बाई, जमीन मोजाया निघालात का?" मी कॅमेरा दाखवला. "एवढ्याशा डब्याला तीन पाय?" म्हणाल्या आणि झोपल्या.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या फोटोत कॅमेरा डोळा मिचकावतो. इथं तो तीस सेकंद, कधी मिनिटभर उघडा ठेवायचा. दिवसा उजेड फार होतो, म्हणून ती काळी काच. तेवढ्या वेळात जे हलतं ते विरघळतं, जे थांबतं ते उमटतं. वाहतं पाणी धुक्यासारखं दिसतं, वाऱ्यातलं झाड पुसट होतं. कॅमेरा महागडा लागत नाही. माझा जुनाच आहे. ट्रायपॉड मात्र भक्कम हवा, आणि धीर हवा, जो माझ्याकडे त्या दिवशी अजिबात नव्हता.

नांदेडला गोदावरीच्या घाटावर दोन तास काढले. फोटो मनासारखे आले. नदी दुधाची, पायऱ्या कोरड्या ठणठणीत, माणूस एक नाही. एक आजोबा डुबक्या मारून वर आले आणि स्क्रीनमध्ये डोकावले.

"मी कुठाय ह्याच्यात?"

"तुम्ही हलत होता ना बाबा."

"मंग काय पाण्यात खांबावानी उभा राहू?"

मी हसले, पण एक डोळा फोनवर होता. 'उद्या सात वाजता, क्लास सुटला की येते,' असं प्रज्ञाला कळवलं होतं. उत्तर आलं, 'हो.' दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवले. पंगतीत कुणी कुणाला काही विचारत नाही, ते बरं वाटलं. मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ, पंखा आवाज करणारा, झोप नाही.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत लातूर. बस साडेतीन-चार तास घेते. डाव्या बाजूला बसाल तर ऊन चुकेल असं वाहक म्हणाला, ते काही खरं नाही. पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. मला हवा होता तो क्लासेसचा रस्ता. पाच वाजता एक बॅच सुटते, दुसरी आत जाते, आणि रस्त्यावर पोरंच पोरं होतात. ती गर्दी तीस सेकंदांत नदीसारखी दिसेल, असं डोक्यात होतं. प्रज्ञाची बॅच पाचला आत जाणारी. म्हटलं, ती वर्गात असेल तोवर माझे फोटो होतील.

ट्रायपॉड मांडला आणि समोरचे चहावाले सलीमभाई धावतच आले.

"मॅडम, रोडाची मोजणी चालू झाली का? आमचं दुकान जातंय का?"

नाही हो, नुसते फोटो, असं दोनदा सांगितलं तेव्हा त्यांनी छातीवरून हात फिरवला. "लई घाबरलो ना मी! मग खाली काय करता? गच्चीवर जा. सगळा रोड दिसतो."

गच्चीवरून पाच ते सव्वापाच मी तीन फोटो काढले. डोळे घड्याळावर आणि बटणावर. खाली कोण आहे ते बघितलंच नाही. मग कठड्याला टेकून स्क्रीन बघितली. अगदी मनात होतं तसं! गर्दीचा धूर झालेला, सायकलींच्या नुसत्या रेघा. आणि क्लासच्या फाटकाबाहेर विजेच्या खांबाशी एक मुलगी, स्पष्ट.

दुसऱ्या फोटोत तीच. तिसऱ्यातही तिथंच. मी मोठं करून पाहिलं. हिरवी बॅग, आणि तिच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याचे टाके. ते टाके मी घातले होते.

खाली वाकून पाहिलं तर रस्ता मोकळा झाला होता आणि प्रज्ञा तिथंच उभी होती.

पहिला विचार काय आला सांगू? लोक काय म्हणतील. त्याची मला अजून लाज वाटते. जिना उतरून खाली आले. सलीमभाईंनी माझी नजर पाहिली.

"ती पोरगी? रोज असती. सगळे आत गेले तरी ही न्हाई जात. मी विचारलं, बेटा, कुणाची वाट बघून राहिली? कुणाची न्हाई म्हणती. दोन-तीनदा पाणी दिलं, घेतलं. चहा न्हाई घेत." मग हळूच म्हणाले, "तुमची हाय का?"

मी मान हलवली आणि रस्ता ओलांडला.

"तू सातला येणार होतीस," प्रज्ञा म्हणाली.

"लवकर आले."

तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाली, "जिन्यापर्यंत जाते गं आई. वर चढायला लागलं की छातीत धडधडतं, श्वास पुरत न्हाई. मग इथं येऊन थांबते. सात वाजले की होस्टेलवर जाते." आणि थोड्या वेळानं, "तू फोनवर आधी मार्क विचारतीस."

मी विचारायची, खरं आहे. रागाची दोन वाक्यं जिभेवर तयार होती, ती गिळली. "चल, चहा घेऊ," एवढंच सुचलं. सलीमभाईंनी तीन कप भरले, एक स्वतःसाठी, आणि आमच्याकडे पाठ करून भांडी घासत बसले.

परतीला दोघी नांदेडमार्गे आलो. त्याच घाटावर मी तिला पायरीवर बसवलं, शेजारी मी बसले, कॅमेरा तीस सेकंदांवर. ती काही बसेना. उठली, पाण्यात खडे मारले, पिवळी ओढणी पिळली, "झालं का गं?" तीनदा विचारलं. फोटोत मी दगडासारखी बसलेय, शेजारी नुसती पिवळी वाफ.

प्रज्ञा आता घरी आहे. डॉक्टरांकडे जातो, ती बोलते, मी बाहेर बसते. क्लासचं काही ठरलेलं नाही, आणि ते विचारायचं मी मोठ्या कष्टानं टाळते. हे लिहू का, असं तिला विचारलं. "लिही, पण लातूरचा फोटो टाकू नको," म्हणाली. म्हणून तो इथं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्पष्ट आलेला फोटो आहे, पण मला तो बघवत नाही. नांदेडचा मात्र मोठा करून भिंतीवर लावलाय. येणारे जाणारे विचारतात, ह्याच्यात पोरगी कुठाय? मी बोट ठेवून दाखवते.

पण खिडकीशी ती जरा जास्त वेळ उभी राहिली की अजून मला राहवत नाही. मी मनात आकडे मोजायला लागते आणि तिसापर्यंत पोचायच्या आत उगाच हाक मारते. "काय गं?" म्हणत ती वैतागून वळते. सध्या माझं तेवढ्यावर भागतं.