रेचलच्या माहेरची माणसं

रविवारी सकाळी सिंगापुरात बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायला जमायचं, एवढाच आमच्या ग्रुपचा कार्यक्रम. पण तीच माणसं वर्षानुवर्षं एका टेबलावर बसली की किस्से साचतातच. पूर्वी हसवणारे जास्त असायचे. हल्ली साचलेत ते बहुतेक मोहनरावांचे.

मोहनराव आधी जहाजांवर इंजिनिअर, मग तुआसच्या शिपयार्डमध्ये. त्यांचा मुलगा निनाद रॅफल्स प्लेसला बँकेत होता. चाळिशीच्या आतच, ऑफिसात, हार्ट अटॅकने गेला. मागे राहिली त्याची अमेरिकन बायको रेचल आणि शाळेत जाणारी इरा.

वर्षश्राद्धाला गुरुजींनी आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा विचारले. मोहनरावांनी नावं धडाधड सांगितली. इरा ऐकत होती. म्हणाली, "अँड मम्मीज साइड?" रेचलची आई तिच्या लहानपणीच गेलेली, आजीच्या पलीकडे तिला कोणाचं नावही ठाऊक नव्हतं. मोहनराव म्हणाले, "थांब, शोधू." आणि दुसऱ्या दिवशी खरंच शोधायला बसले.

*

अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा इथे सकाळ. त्यामुळे तिथल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चना, जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी, मोहनरावांचे फोन आमच्या टेबलावरूनच चालायचे. एकेक पिढी मागे जात ते इंग्लंडहून जहाजाने तिथे उतरलेल्या पहिल्या जोडप्यापर्यंत पोचले.

आमच्यातला सुधीर पुण्याचा, खवचट. त्याने विचारलं, "गोत्र लागलं का?"

"लाकडी पिंपं बनवायचे ते लोक," मोहनराव म्हणाले. मग त्या जोडप्याला सोडून ते जहाजाविषयीच बोलत राहिले. जोडप्यातली बाई गरोदर होती; एवढ्याशा लाकडी जहाजात ती कुठे झोपली असेल, हे त्यांनी टिश्यूवर जहाजाचं चित्र काढून आम्हाला दाखवलं.

*

एका चर्चच्या बाईंनी थडग्यांचे फोटो पाठवले. त्यात शेजारी-शेजारी दोन लहान दगड, दोन्हींवर नाव एकच: पेशन्स. मुलगी गेली, पुढच्या मुलीला तेच नाव ठेवलं, तीही गेली. तिसरीलाही तेच ठेवलं. ती जगली, रेचल तिच्या वंशातली.

"नावाचा काय हा हट्ट," सुधीर म्हणाला.

मोहनरावांचा पराठा तसाच राहिला होता. फोटो मोठा करून बघत म्हणाले, "तिसरीला हाक मारताना दर वेळी त्या आईला तिघी आठवत असतील."

*

मोहनराव इराला हे सगळं गोष्टीसारखं सांगायचे. त्या लोकांनी जंगल तोडून शेत कसं केलं, हे सांगताना तिने विचारलं, तिथे आधी कोणी राहत नव्हतं का? राहत होते, त्यांना हुसकून लावलं, असं मोहनरावांना सांगावं लागलं.

"देन हू इज फाइंडिंग देअर फॅमिली, आजोबा?"

हे आम्हाला सांगून त्या रविवारी ते कोपी न संपवताच उठले.

*

आणि मग डोरथी सापडली. रेचलच्या आईची मामेबहीण, म्हातारी, एकटी, अजून त्याच गावात राहणारी. व्हिडिओ कॉलवर रेचलला बघून ती रडलीच. तुझ्या आजीचंच कपाळ आहे, म्हणाली. घर मोठं आहे, पोरीला घेऊन इथे ये, म्हणाली.

रेचलची नोकरी, आणि तिच्यावर मिळालेला इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. पुढे काय होणार, ते आम्हाला कळत होतं. सुधीरने मोहनरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता हे शोधणं बंद करा. पोरगी जाईल."

"सापडलेलं माणूस परत हरवता येतं का रे?" मोहनराव म्हणाले.

जूनच्या सुट्टीत मायलेकी तिकडे राहायलाच गेल्या. विमानतळावर आम्ही सगळे होतो. मोहनराव सामानाच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

*

गेल्या रविवारी त्यांनी फोन टेबलावर ठेवला. इराने फोटो पाठवला होता. डोरथीच्या घरामागे टेकाडावर त्यांची घरची दफनभूमी आहे. जुन्या, झिजलेल्या दगडांच्या ओळीत एक नवा दगड. त्यावर देवनागरीत, इराच्या वळणाचं, कोरलेलं: नीनाद.

सुधीरने तोंड उघडलं. पहिला नि ऱ्हस्व, हे त्याच्या ओठांवर आलेलं आम्हाला दिसलं. पण तोंड मिटून त्याने फोन मोहनरावांकडे सरकवला.

निनादच्या अस्थी इथल्याच समुद्रात सोडल्या होत्या. त्या दगडाखाली काहीच नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मोहनरावांनी तिथूनच इराला फोन लावला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. एवढंच विचारलं, "बाळा, त्या टेकाडावरून समुद्र दिसतो का गं?"

इरा इंग्रजी सोडून, एकेक शब्द शोधत म्हणाली,

"दिसत नाही, आजोबा. ऐकू येतो."